३८६ वर डेस्कव्ह्यू: चार एमबीचे आठ, आणि ६४० केबीखालची झाडलोट

यंत्र: ३८६डीएक्स, ४० मेगाहर्ट्झ. एएमआय बायॉस. ३० पिनी सिमसाठी (सिम म्हणजे रॅमची छोटी पट्टी) आठ सॉकेट, त्यांपैकी चार भरलेली, म्हणजे एकूण ४ एमबी. ट्रायडेंट व्हीजीए कार्ड, आयडीई मल्टी-आयओ कार्ड, वेस्टर्न डिजिटल ८०१३ जातीचे नेटवर्क कार्ड. एमएस-डॉस ६.२२, क्यूईएमएम ७ (मेमरी मॅनेजर), डेस्कव्ह्यू २.६ (डॉसचे अनेक प्रोग्रॅम वेगवेगळ्या विंडोंत एकाच वेळी चालवणारा प्रोग्रॅम).

जागा: फोंडा तालुक्यातले एक वाचनालय. सभासद आणि वर्गणीचा जुना हिशेब फॉक्सप्रोत आहे, वार्षिक तक्ते लोटस १-२-३ मध्ये. हिशेबाचा प्रोग्रॅम प्रिंटर पोर्टावरच्या डाँगलशिवाय (परवान्याची खूण म्हणून लावलेले छोटे उपकरण) उघडतच नाही, म्हणून नव्या यंत्रावरच्या एम्युलेटरचा मार्ग बंद. फॉक्सप्रो, लोटस, वर्डस्टार आणि नव्या यंत्राकडे फाइली पाठवणारा एफटीपी प्रोग्रॅम, हे चारही एकाच वेळी उघडे राहून चालले पाहिजेत.

(आदेश इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचे.)

८ जून २०२४

कामाला हात घालण्यापूर्वी डेस्कव्ह्यूचे मेमरी स्टेटस नीट वाचावे. कॉमन (डेस्कव्ह्यूची स्वतःच्या कामाची), कन्व्हेन्शनल (६४० केबीखालची) आणि एक्स्पांडेड (१ एमबीवरच्या रॅममधून क्यूईएमएम देतो ती) अशा तीन ओळी असतात, आणि प्रत्येकीत एकूण, शिल्लक व सर्वांत मोठा सलग तुकडा असे तीन आकडे. या यंत्रावर दोन वेगळी दुखणी दिसतात. एक्स्पांडेड संपते, म्हणून तिसरा प्रोग्रॅम उघडला की पहिला रॅममधून डिस्कवर हलवला जातो, म्हणजे स्वॅप होतो; आणि स्वॅप झालेला प्रोग्रॅम मागे चालत नाही, थांबतो. दुसरे, एका विंडोला मिळणारा सर्वांत मोठा तुकडा जेमतेम ३८० केबी आहे. तेवढ्यात फॉक्सप्रो नीट उभा राहत नाही.

पहिल्या दुखण्यावर उपाय नवी रॅम. दुसऱ्यावर नव्या रॅमचा काडीचाही उपयोग नाही. विंडो केवढी होईल हे ६४० केबीमधून डॉस, ड्रायव्हर आणि डेस्कव्ह्यू वजा जाता काय उरते त्यावर ठरते, मग बोर्डावर ४ एमबी असोत की १६. रॅम वाढवूनही प्रोग्रॅम ‘मेमरी अपुरी’ म्हणतो, अशी तक्रार करणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात.

तिसरी गोष्ट: हायमेम.सिस (१ एमबीवरची मेमरी ए२० या ॲड्रेस लाइनमार्फत खुली करणारा डॉसचा ड्रायव्हर) कधी व्यवस्थित चढतो, कधी ‘ए२० लाइनवर ताबा मिळत नाही’ असा संदेश देतो. सकाळी यंत्र थंड असताना जास्त वेळा.

९ जून

हायमेमला /मशीन: स्विच देऊन १ पासून पुढचे वेगवेगळे आकडे घालून पाहिले. बायॉसमधला ‘फास्ट गेट ए२०’ चालू-बंद करून पाहिला. फरक नाही. दुपार त्यात गेली. दोष कधी येतो, कधी जातो, म्हणजे तो सेटिंगचा नाही; बोर्ड उघडून पाहणे आले.

१० जून

कीबोर्डच्या सॉकेटजवळ ३.६ व्होल्टची पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी. तिच्या दोन्ही टोकांशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय, आणि तिथून निघालेल्या तांब्याच्या रेषा काळ्या पडलेल्या. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत ही गळती भराभर पसरते. बोर्ड कोरड्या कपाटात ठेवला असला तरी गळलेले क्षार हवेतले पाणी ओढतात.

बॅटरी कटरने कापून काढली. हिसकून काढू नये, खालचे पॅड उखडते. गळालेला द्रव अल्कधर्मी असतो, म्हणून आधी सौम्य आम्ल. बाजारातले स्वच्छ पांढरे विनेगर निम्मे पाणी घालून, कापसाच्या काडीने. घरातले माडाचे विनेगर वापरू नये. त्यात गाळ आणि ताडीचे अंश राहतात, ते चिपच्या पायांखाली चिकटतात. विनेगर लावले की बारीक फेस येतो. तो थांबेपर्यंत काडी बदलत राहायचे. मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल. नंतर बोर्ड पंख्याखाली रात्रभर. पावसात ऊन मिळत नाही म्हणून हेअर ड्रायर वापरायचा असेल तर थंड हवेवर.

१५ जून

बोर्ड जोडला. आता बायॉसच पुढे जात नाही: सहा बीप आणि ‘८०४२ गेट-ए२० एरर’. ही बातमी चांगली आहे. आधी क्षारांतून कशीबशी वीज जात होती. क्षार धुतले गेले आणि तुटलेली रेषा उघडी पडली. कायमचा दोष शोधणे सोपे, येणाजाणाऱ्या दोषाने माणूस थकतो.

बॅटरीचा आणि मेमरीचा संबंध काय, हे इथे समजून घेतले पाहिजे. १ एमबीच्या वरची मेमरी दिसायची तर ए२० ही ॲड्रेस लाइन मोकळी हवी. एटी जातीच्या यंत्रांत ती मोकळी करण्याचे काम कीबोर्ड कंट्रोलर ८०४२ कडे दिलेले आहे. ती चिप कीबोर्डच्या सॉकेटजवळ असते, आणि बहुतेक क्लोन बोर्डांवर बॅटरीही नेमकी तिथेच. म्हणून बॅटरी गळली की पहिला घाला ए२० वर. कीबोर्ड मात्र चालत राहतो, कारण त्याचे क्लॉक आणि डेटा वेगळ्या पायांवर आहेत. ‘कीबोर्ड चालतो म्हणजे चिप ठीक’ असे समजू नये.

८०४२ ही ४० पायांची चिप. पिन १ च्या कर्णासमोर पिन २१, ती प्रोसेसरच्या रिसेटची. तिच्या शेजारची २२, ती गेट ए२० ची. वीज बंद ठेवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग असेल तर आवाज येतो) लावला आणि २२ पासून रेषेचा माग घेतला. पहिल्या व्हायापर्यंत (रेषा बोर्डाच्या दुसऱ्या बाजूला नेणारे छिद्र) आवाज येतो, त्यापुढे नाही. भिंगाखाली पाहिले तर व्हायाच्या कडेचे तांबे काळे होऊन तुटले आहे, आणि हिरवा मुलामा वरून शाबूत दिसतो. नखाने खरवडल्यावर तो पापुद्र्यासारखा निघाला.

१६ जून

काळे तांबे कटरच्या टोकाने लखलखीत होईपर्यंत खरवडले. खराब भागाच्या पलीकडे, जिथे तांबे निरोगी आहे तिथे, ३० गेजची वायर-रॅप वायर जोडली. दुसरे टोक बोर्डाच्या खालून थेट पिन २२ ला. काळ्या तांब्यावर सोल्डर पकडत नाही. फ्लक्स कितीही लावा, गोळी होऊन घरंगळते. वायर दोन ठिकाणी चिकटवली आणि उघड्या तांब्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात दिला.

त्या भागातल्या इतर रेषाही एकेक करून तपासल्या. एक रेझिस्टरचा पाय आतून खाल्ला गेला होता, तो बदलला.

बॅटरीच्या जागी बॅटरी पुन्हा बसवलेली नाही. बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचे हेडर आहे. तिथे तीन एए सेलचा होल्डर, मध्ये १एन४१४८ डायोड, आणि जंपर ‘बाहेरची बॅटरी’ वर. होल्डर वायरने लांब, कॅबिनेटच्या तळाशी. पुढे सेल गळले तरी बोर्डावर येणार नाहीत. डायोडची दिशा उलटी झाली तर सेटिंग टिकत नाहीत, बाकी नुकसान नाही.

यंत्र चालू. बेस ६४०, एक्स्टेंडेड (१ एमबीवरची) ३०७२. हायमेम दर वेळी चढतो.

२२ जून

सिम आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने, १ एमबीचे सहा, ७० नॅनोसेकंदांचे, नग २२५ रुपये. चार लागतात, दोन राखीव. ३८६डीएक्सचा डेटा मार्ग ३२ बिटांचा आणि ३० पिनी सिम ८ बिटांचा, म्हणून चार सिम मिळून एक बँक. दोन किंवा तीन घालून अर्धवट वाढ होत नाही. (३८६एसएक्स असेल तर दोनाची बँक.)

सिमवरच्या चिपा मोजाव्या. तीन किंवा नऊ असतील तर पॅरिटीचा (चूक पकडणारी जादा बिट असलेला), दोन किंवा आठ असतील तर बिनपॅरिटीचा. आलेल्या सहात एक दोन चिपांचा निघाला. तो घातला की पॅरिटी एरर येऊन यंत्र थांबते. बायॉसमध्ये पॅरिटी तपासणी बंद करता येते आणि मग तोही चालतो, पण हिशेबाच्या यंत्रावर ती बंद करू नये असे स्पष्ट मत आहे. तीस वर्षे जुन्या रॅममधली एक बिट उलटली तर यंत्र थांबलेले बरे, वर्गणीचा आकडा गुपचूप बदललेला नको. दोन चिपांचा बाजूला ठेवला.

सिमचे पाय आधी पांढऱ्या खोडरबराने, मग अल्कोहोलने पुसले. सॉकेटमधल्या पट्ट्याही पुसायच्या. सिम तिरका घालून दोन्ही अंगठ्यांनी सारख्या जोराने उभा करायचा. बाजूची प्लास्टिकची कडी जुनी होऊन ठिसूळ झालेली असते, म्हणून जोर सिमवर द्यावा, कडीवर देऊ नये. एका सॉकेटची कडी तरीही गेली. तिथे शेजारच्या सिमसह नायलॉनचा केबल टाय आवळला आहे.

बेस ६४०, एक्स्टेंडेड ७१६८. जुने सिम ८० नॅनोसेकंदांचे आहेत, म्हणून बायॉसमध्ये डीरॅमचा वेट स्टेट (रॅमसाठी थांबण्याचा अवधी) एकने वाढवला. त्याशिवाय चेकइट या तपासणी प्रोग्रॅमच्या सविस्तर चाचणीत वरच्या भागात चुका येत होत्या. बायॉसची मोजणी पार पडली म्हणजे रॅम चांगली, असे नसते.

२९ जून

आता ६४० केबीखालचे काम. आधी कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट यांची प्रत बूट फ्लॉपीवर. यंत्र चालू होताना एफ५ दाबला की डॉस ६ दोन्ही फाइली टाळतो, एफ८ दाबला की ओळीओळीला विचारतो. पुढच्या प्रयोगांत हे दोन्ही लागणार.

कन्व्हेन्शनल मेमरी कोण खाते, ते मेम /सी ने पाहिले. स्मार्टड्राइव्ह (डिस्क कॅश) सुमारे २८ केबी, माउस १७, शेअर (फाइलींना कुलूप लावणारा) १७, पॅकेट ड्रायव्हर (नेटवर्क कार्डाचा), ॲन्सी, डॉसकी चार-पाच केबीच्या आसपास. लक्षात घ्यायचे ते असे की डेस्कव्ह्यूच्या आधी चढलेला प्रत्येक ड्रायव्हर प्रत्येक विंडोतून तेवढी जागा कापतो. एकाच विंडोत चढवलेला फक्त त्याच विंडोतून. म्हणून डॉसकी ऑटोएक्झेकमधून काढून डॉसच्या विंडोपुरती ठेवली. माउस आणि पॅकेट ड्रायव्हर हार्डवेअर इंटरप्ट हाताळतात, ते आधीच हवेत. शेअरही आधीच हवा, कारण दोन विंडोंतून फॉक्सप्रोची एकच डीबीएफ फाइल उघडली जाईल आणि कुलूप नसेल तर नोंदी बिघडतील.

स्मार्टड्राइव्हला /एक्स लावून लिहिण्याचे कॅशिंग बंद केले. जून-जुलैत वीज कधी डोळा मारेल नेम नाही. यूपीएस आहे, तरीही.

मग क्यूईएमएम, आरएएम पॅरामीटरसह (त्याने वरच्या मोकळ्या पत्त्यांवर रॅम बसते). ६४० केबी ते १ एमबी या पट्ट्यात या यंत्रावर काय कुठे आहे (पत्ते हेक्साडेसिमलमध्ये):

ए००० ते एएफएफएफ व्हीजीए ग्राफिक्स. बी००० ते बी७एफएफ मोनो टेक्स्टची जागा, मोनो कार्ड नसल्याने मोकळी, ३२ केबी. बी८०० पासून रंगीत टेक्स्ट. सी००० ते सी७एफएफ व्हीजीएचा रॉम. सी८०० ते डीएफएफएफ मोकळी, ९६ केबी. ई००० ते ईएफएफएफ वर ६४ केबीची पेज फ्रेम (एक्स्पांडेड मेमरी जिच्यातून दिसते ती खिडकी). एफ००० ते एफएफएफएफ सिस्टिम बायॉस.

क्यूईएमएमचा ऑप्टिमाइझ चालवला, त्याने यंत्र पुन्हापुन्हा चालू करून ड्रायव्हर वर चढवले. डेस्कव्ह्यू एक्सडीव्हीने (त्याचा काही भाग वरच्या पट्ट्यात चढवणारा प्रोग्रॅम) सुरू केला. सर्वांत मोठी विंडो ५५० च्या पुढे.

६ जुलै

एफटीपी सुरू केला की यंत्र गोठते. कधी लगेच, कधी दोन फाइली गेल्यावर. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटही घेत नाही.

८०१३ कार्डाला स्वतःची १६ केबी रॅम असते आणि ती डी००० वर दिसते. पण पॅकेट ड्रायव्हर चढेपर्यंत ती खिडकी बंद असते. क्यूईएमएम त्याआधी चढतो, तिथे त्याला रिकामे दिसते, आणि तो आपली मेमरी टाकून माउस किंवा शेअर तिथे बसवतो. मग कार्ड जागे होते, आणि एकाच पत्त्यावर दोघे. मेमरी मॅनेजरने ‘मोकळे’ म्हटले म्हणजे मोकळे असे धरता येत नाही. कार्डाच्या जंपरचा किंवा सेटअपचा कागद हाच पुरावा.

एनई२००० जातीच्या कार्डाला ही अडचण नाही, कारण ते फक्त आयओ पोर्टने बोलते. त्याचा बूट रॉम मात्र चालू असेल तर तोही या पट्ट्यात जागा धरतो. तो बंद करावा. देवनागरीसाठी जिस्टसारखे कार्ड बसवलेले असेल तर त्याने धरलेला पत्ताही असाच आधी पाहून घ्यावा.

क्यूईएमएमच्या ओळीत एक्स=डी०००-डी३एफएफ घातले, म्हणजे तेवढा पट्टा वगळला. गोठणे थांबले. पण विंडो २० केबीने घटली.

७ जुलै

वगळले १६ केबी, आणि गेले २०. कारण तुकडे. डी००० मध्येच असल्याने ९६ केबीचा सलग पट्टा फुटून ३२ (सी८०० ते सीएफएफएफ) आणि ४८ (डी४०० ते डीएफएफएफ) झाला. ड्रायव्हरला आणि डेस्कव्ह्यूला सलग जागा लागते, म्हणून मोठे भाग खाली राहिले.

कार्डाची खिडकी त्याच्या सेटअप प्रोग्रॅमने सी८०० वर नेली, पॅकेट ड्रायव्हरच्या ओळीतला पत्ता बदलला आणि एक्स=सी८००-सीबीएफएफ केले. आता सीसी०० ते डीएफएफएफ हा ८० केबीचा एकच तुकडा. मोनोच्या ३२ सह बेरीज तीच, ११२ केबी, पण ऑप्टिमाइझ पुन्हा चालवल्यावर गेलेले सगळे परत मिळाले. कार्डे नेहमी पट्ट्याच्या एका टोकाला सारावीत.

१३ जुलै

१ एमबीच्या लगेच वरची ६४ केबीला १६ बाइट कमी एवढी एचएमए एकालाच मिळते: डॉसला, नाहीतर डेस्कव्ह्यूला. दोन्ही करून पाहिले. डॉस=हाय (डॉसला एचएमएत बसवणारी ओळ) काढले तर डेस्कव्ह्यू तिथे जातो आणि ती जवळजवळ पूर्ण भरतो; पण डॉस खाली उतरतो. या यंत्रावर वरचा पट्टा बऱ्यापैकी मोकळा असल्याने डॉस=हाय ठेवून डेस्कव्ह्यू वरच्या पट्ट्यात, हेच चांगले ठरले. ज्यांच्याकडे कार्डांची गर्दी आहे आणि वर पन्नास-साठ केबीच उरतात, त्यांनी उलट करून मोजावे.

फाइल्स=६० खाली जागा खात होते. कॉन्फिगमध्ये १० ठेवून उरलेले क्यूईएमएमच्या फाइल्स.कॉमने वर चढवले.

२० जुलै

क्यूईएमएमचे स्टेल्थ. एसटी:एम घातले की क्यूईएमएम व्हीजीए आणि सिस्टिमचा रॉम लपवतो आणि त्यांच्या पत्त्यांवर जवळपास ९६ केबी आणखी मिळतात. विंडो थेट ५९० वर. पण फ्लॉपी फॉरमॅट करताना यंत्र थांबते. रॉम थेट वाचणाऱ्या कोडला तिथे आता रॉम सापडत नाही, तेव्हा असे होते. एक्सएसटी= ने एखादा रॉम लपवण्यातून वगळता येतो. एक्सएसटी=सी००० ने दोष तसाच, एक्सएसटी=एफ००० ने गेला. म्हणजे फक्त व्हीजीएचा रॉम लपलेला, सिस्टिमचा जागेवर. विंडो ५६८ केबी. इथेच थांबलो. फ्लॉपीवर बॅकअप घेता येत नसेल तर वरच्या वीस केबींना अर्थ नाही.

ग्राफिक्स मुळीच लागत नसेल तर क्यूईएमएमच्या व्हिडरॅमने ए००० ते बी७एफएफ मधले ९६ केबी खालच्या मेमरीला जोडता येतात. लोटसचे आलेख लागतात, म्हणून इथे वापरले नाही.

२७ जुलै

डेस्कव्ह्यूच्या ‘चेंज अ प्रोग्रॅम’ मधल्या नोंदी. फॉक्सप्रो ५४० केबी, कमाल एक्स्पांडेड १०२४. लोटस ४००, एक्स्पांडेड १०२४. वर्डस्टार २५६, एक्स्पांडेड शून्य. एफटीपी ३२०, एक्स्पांडेड शून्य, ‘मागे चालतो’ ला वाय. एक्स्पांडेडची मर्यादा रिकामी सोडू नये, एखादा प्रोग्रॅम सगळी ओढून बसतो. विंडोंची बेरीज १५१६, एक्स्पांडेड २०४८, स्मार्टड्राइव्ह १०२४: एकूण ४५८८ केबी. जुन्या ३०७२ मध्ये हे बसणे शक्यच नव्हते.

पडद्यावर थेट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमांना ‘व्हर्च्युअलाइझ’ चालू हवे, नाहीतर मागच्या विंडोतली अक्षरे पुढच्या विंडोत उमटतात. टिक्स (विंडोला मिळणारे वेळेचे हिस्से) मुळात पुढच्याला ९, मागच्याला ३ असतात. त्यात एफटीपी रेंगाळून समोरचे यंत्र संपर्क तोडत होते. ५ आणि ४ केल्यावर नीट. फॉक्सप्रोत टंकताना किंचित जडपणा जाणवतो, तो चालण्यासारखा आहे.

डाँगल आणि प्रिंटर एकाच पोर्टावर. वर्डस्टार छापत असताना फॉक्सप्रोने डाँगल विचारला तर ‘डाँगल नाही’ म्हणतो आणि पावतीवर कचरा छापतो. यावर सॉफ्टवेअरचा उपाय मिळालेला नाही. छपाई चालू असताना फॉक्सप्रोचा मेनू बदलायचा नाही, अशी सूचना यंत्रावर चिकटवली आहे. मल्टी-आयओ कार्डावर दुसरा प्रिंटर पोर्ट जंपरने चालू होतो का ते पाहून प्रिंटर तिकडे न्यायचा आहे.

४ ऑगस्ट

चारही विंडो उघड्या, फॉक्सप्रोत पूर्ण इंडेक्स, मागे फाइली जात आहेत, लोटसमध्ये हिशेब. दिवसभर स्वॅप नाही, गोठणे नाही. मेमरी स्टेटसमध्ये एक्स्पांडेड दोन एमबीहून अधिक शिल्लक.

खर्च: सिम १,३५०, कुरिअर १५०, होल्डर-सेल-डायोड-वायर १९०, अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी २६०. एकूण १,९५० रुपये. सर्वांत जास्त वेळ ए२० च्या रेषेने खाल्ला, त्याखालोखाल नेटवर्क कार्डाने.

कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत. पावसाळाभर पंधरवड्याला बाहेर काढून वाळवायच्या, आणि त्याच वेळी एए सेलची टोके पाहायची. दुरुस्त केलेली वायर बोर्डाच्या खालच्या बाजूला आहे. बोर्ड परत बसवताना पितळी स्पेसर तिच्यावर येणार नाही याकडे लक्ष ठेवावे.